हुपरीकर साहेबांची मान आणि चार नवे शॉकप

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या साली पाऊस आला नाही. बहुतेक त्याला नव्या जिल्ह्याचा पत्ता कुणी कळवला नव्हता. बाकी सगळ्यांना कळवून झालं होतं. पाट्या रंगल्या, शिक्के आले, शिक्क्यांना शाई आली, खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांवर बसायला माणसं आली. वाटणीत आमच्या खात्याला तीन कपाटं, भिंतीवरचं एक घड्याळ आणि एक पांढरी मोटार मिळाली. खात्याचं नाव सांगत नाही. खातं अजून चालू आहे आणि माझी पेन्शनही. कपाटांना किल्ल्या नव्हत्या, घड्याळाला काटा एकच होता आणि मोटारीचे चारही शॉकप असून नसल्यासारखे होते. त्या मोटारीवर मी, शेषेराव, डायव्हर.

शॉकप म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्यानं आधी समजून घ्यावं. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते, मग उसळते, मग पुन्हा दबते. तिचं हे नाचणं थांबवायचं काम शॉकपचं. लोखंडी नळी, आत तेल, तेलात सरकणारा दांडा, एवढाच कारभार. तेल गळून गेलं की दांडा सायकलच्या पंपासारखा मोकळा होतो आणि गाडीला आवरणारं कुणी राहत नाही. आमच्या गाडीचं चाक निलंग्याच्या फाट्यावर खड्ड्यात गेलं तर गाडी औशापर्यंत डोलत यायची. एकदा कंधारच्या रस्त्यावर मी गाडी उभी करून चहा प्यालो, पान खाल्लं, पानवाल्याशी भांडलो, परत आलो तरी गाडी जागेवर वरखाली होतच होती. खोटं वाटत असेल तर बसवराजला विचारा. तो शेजारी बसून हिंदकळत होता.

बसवराज म्हणजे साहेबांचा क्लार्क. पुढच्या शिटावर माझ्या बाजूला बसायचा, मांडीवर वही, कानावर पेन. साहेब जे बोलतील ते लिहून घ्यायचं हे त्याचं काम. आणि साहेब काहीच बोलायचे नाहीत, त्यामुळे काम तसं सोपं होतं.

साहेबांचं नाव हुपरीकर. कोल्हापूरकडचे. पाण्याच्या मुलखातून कोरड्यात आले म्हणून आमच्यावर रागावलेले. माणूस वाईट नव्हता; वाईट व्हायला काहीतरी करावं लागतं. कुणी अर्ज आणला की "बघू." कुणी रडलं की "बघू या." फारच मोठा माणूस आला तर "अवश्य बघू." एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी वीस वर्षं नोकरी केली होती. दौऱ्यावर निघालं की गाडी बार्शी रोड ओलांडायच्या आत ते डोळे मिटायचे आणि गावाची शीव आली की उघडायचे. मधला सगळा दुष्काळ त्यांनी झोपून पाहिला.

आता त्या काळी आडरस्त्यांना पाट्या नव्हत्या. त्यामुळे फाट्यावर गावचा एक माणूस वाट दाखवायला गाडीत बसायचा, असा रिवाज. तो साहेबांच्या शेजारी बसला की गप्प कशाला राहील? एकदा उजनीच्या पुढचा एक म्हातारा बसला. त्यानं हात जोडले, "साहेब, गुरं मरून राहिली. चारा डेपो द्या." साहेब झोपेत. गाडी खड्ड्यात. साहेबांची मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली. शॉकप नसल्यामुळे ती मान पुढचे दोन मैल थांबली नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवमाणूस," तो म्हणाला, "एकदा इचारलं तर धा डाव हो म्हन्ला."

बसवराजनं मागं वळून पाहिलं. साहेबांची मान हो म्हणत होती. त्यानं वहीत लिहिलं, "मा. साहेबांनी चारा डेपोस मान डोलावून मान्यता दिली."

मी हळूच म्हणालो, "बसवराज, साहेब झोपलेत की."

"कागदावर न्हाई झोपले," बसवराज म्हणाला.

गावात पोचल्यावर त्यानं ते वाचून दाखवलं. साहेब दचकले. मी तर झोपलो होतो असं सरकारी दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यानं चारचौघांत म्हणायचं कसं? त्यांनी घसा खाकरला. "हो हो, मी सांगितलंय तसं." झालं. आठ दिवसांत डेपो उघडला.

ही बातमी जिल्हाभर पसरायला टपालखातं लागलं नाही. प्रत्येक फाट्यावर माणसं उभी. कुणाला टँकर पाहिजे, कुणाला नालाबांध, कुणाला नुसतं साहेबाच्या मानेकडं बघायचंय. तीन महिन्यांत आमच्या साहेबांनी झोपेत एवढी कामं मंजूर केली की जागेपणी इतर सगळ्या साहेबांकडून मिळून तेवढी झाली नव्हती. वरून शाबासकीचं पत्र आलं. कार्यतत्पर, जनताभिमुख, असे दोन-तीन शब्द त्यात होते. आणि अशा अधिकाऱ्याला खटारा गाडीतून फिरावं लागतं याची वरच्यांना लाज वाटून, गाडीच्या दुरुस्तीची मंजुरीही त्याच पाकिटात आली. चार नवे शॉकप. सरकार खूश झालं की असं काहीतरी करतंच.

इथं येळणूरवाडीचा महादेवप्पा गोष्टीत येतो. औशाच्या आत सात कोसांवर हे गाव. महादेवप्पा तिथला सरपंच. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगानं धिप्पाड आणि घरात गुरम्मापुढं गोगलगाय. गुरम्मा म्हणजे त्याची बायको. सरपंचकीचा शिक्का महादेवप्पाकडं होता आणि डोकं गुरम्माकडं. गावच्या दोन्ही विहिरींनी तळ दाखवला होता. बायका पहाटे निघायच्या, दोन कोसांवर एका झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरायच्या, दुपार करून यायच्या. बोअर पाडायचं यंत्र तालुक्यात आलेलं होतं, पण ते शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या तालुक्यात जाणार होतं आणि पुन्हा कधी येणार ते यंत्रालाही माहीत नव्हतं. येळणूरवाडीला साहेबांचा दौरा गुरुवारी. आणि गाडी गॅरेजला मंगळवारी.

लातुरात हे शॉकप मिळेनात. मी एस.टी.नं नांदेडला जाऊन वजिराबादेतून आणले, मांडीवर चार नळकांडी घेऊन परत आलो. बससुद्धा अशी उडत होती की वाटलं दोन तिलाच बसवून टाकावेत. मंगळवारी लातूरच्या गोलाई बाजारामागं अजीज मिस्त्रीच्या गॅरेजात पोचलो तर महादेवप्पा आणि गुरम्मा तिथं आधीच येऊन बाकड्यावर बसलेले. खबर माझ्याकडूनच फुटली होती, पण ते मी तेव्हाही कबूल केलं नाही.

अजीजनं गाडीच्या बंपरवर दोन्ही हात टेकले, दाबलं आणि सोडलं. गाडी खाली, वर, खाली, वर. अजीजनं विडी पेटवली, ओढून संपवली. गाडीचं वरखाली चालूच.

"या अल्ला," तो म्हणाला, "ये गाडी है का पाळणा?"

महादेवप्पा पुढं झाला. "अजीजमियाँ, एक अर्ज हाय. ह्ये शॉकप आज बशिवू नगा. शुक्रवारी बशिवा."

"कायकू?"

महादेवप्पानं सगळं सांगितलं. मान, खड्डे, वही, बोअर. अजीज ऐकत होता आणि हातातल्या पान्यानं एकेक नट सैल करीत होता.

"सरपंचसाब," तो म्हणाला, "तुमचा बैल खूर दुखतोय म्हणून उड्या मारतोय. लोक टाळ्या वाजवून राहिले. म्हणून तुम्ही नालबंदाला सांगणार काय, की नाल नक्को ठोकू?"

"पान्याचा सवाल हाय, मियाँ."

"मेरे हात का बी सवाल है. गाडी माझ्या दारात आली, मला खराब दिसली, मी तशीच सोडली, अन् उद्या घाटात उलटली तर? साहेब मेला तर मेला, मेरा शेषेराव बी है ना अंदर."

साहेबांचा नंबर माझ्या आधी लागला याचा मला आनंद झाला, पण वाईट वाटल्यासारखं केलं.

अजीजनं जुना शॉकप काढला. एका बोटानं दांडा आत ढकलला, तो गेला; ओढला, आला. आत तेलाचा थेंब नाही. "ये देखो. मुर्दा." मग नवा घेतला, उभा धरला आणि दोन्ही हातांनी दहाबारा वेळा दाबला-ओढला.

गुरम्मा इतका वेळ त्याच्या हातांकडं बघत होती. ती म्हणाली, "ह्ये कामून करताव, भाऊ?"

"आत हवा असती, भाभी. काढली न्हाई तर तेल धरत न्हाई. लोग ऐसेच बसवून देते." त्यानं शॉकप गुरम्माच्या हातात दिला. "दाबा."

तिनं दाबला. दांडा जड, हळू, रेडा उठावा तसा सरकला. तिनं तो परत दिला आणि विचारलं, "मंग ह्याच्यानं धक्का बसतच न्हाई?"

"बसता ना. पहिला धक्का बसणारच, खड्डा थोडीच बुजवतो मी. शॉकप दुसरा, तिसरा, चौथा गिळून टाकतो. खड्डा ऱ्हातो, खड्ड्याची याद ऱ्हात न्हाई."

गुरम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. महादेवप्पाला काही कळलं नाही. त्याला कळत नाही हे तिला रोजचंच होतं.

अजीजनं चारही बसवले, गाडी जॅकवरून खाली चाकांवर उतरवली आणि तेव्हाच खालचे नट पक्के आवळले. हवेत आवळले तर रबराला पीळ बसतो म्हणे. मग बंपर दाबला. गाडी खाली गेली, वर आली आणि उभी राहिली. एखाद्या नव्या हवालदारासारखी.

"बघा," अजीज म्हणाला.

"बगितलं," महादेवप्पा म्हणाला आणि त्याचा आवाज एखाद्याच्या मयतीला आल्यासारखा होता.

परतीच्या बसमध्ये गुरम्मानं नवऱ्याला समजावलं ते असं. जुन्या गाडीला एक खड्डा पुरत होता. नव्या गाडीत एका खड्ड्याला एकच मान. मग आपण खड्डे वाढवायचे. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता रोजगार हमीतून नुकताच मुरूम टाकून सपाट केलेला, आख्ख्या तालुक्यात तेवढाच गुळगुळीत. त्याच्यावर दहा-दहा पावलांवर आडवे चर मारायचे. चराला एक होकार. शंभर चर मारले तर शंभर होकार. बसवराजची वही भरून जाईल.

"सरकारी रस्ता आपणच उकरायचा?" महादेवप्पा म्हणाला.

"केला कुणी?"

"आपणच."

"मंग?"

बुधवारी आख्खं गाव कुदळी-फावडी घेऊन रस्त्यावर. महादेवप्पा मुकादम. गुरम्माचा त्या दिवशी झिऱ्यावर जायचा नंबर होता, म्हणून ती नव्हती. आणि म्हणूनच घोळ झाला. सव्वाशे चर मारले लोकांनी. सुंदर मारले. खोली सारखी, रुंदी सारखी, अंतर सारखं. पण शेतकऱ्याची जात. आडवा चर म्हणजे उद्या पाऊस आला तर पाणी त्यात साचून वाया जाणार, हे त्यांच्या हाताला सहन होईना. प्रत्येकानं आपला चर थोडा तिरपा घेतला, आपापल्या शेताकडं उतरता. आभाळात बोटभर ढग नाही, वर्षभर थेंब नाही, आणि हे पावसाच्या पाण्याला वाट करून देऊन राहिले. महादेवप्पानं शाबासकी दिली. त्याचा स्वतःचा चर सगळ्यांत तिरपा होता.

गुरुवारी दहाला आम्ही फाट्यावर पोचलो. नव्या शॉकपमुळे गाडी अशी चालली होती की साहेबांनी पहिल्यांदाच घोरायला सुरुवात केली होती. महादेवप्पा आणि गुरम्मा मागं चढले. डाव्या खिडकीशी साहेब, मध्ये महादेवप्पा, उजव्या खिडकीशी गुरम्मा. तिनं समोरच्या काचेतून रस्ता पाहिला आणि तिचं तोंड उतरलं.

"ह्ये तिरपं कुणी मारलं?" ती नवऱ्याच्या कानात म्हणाली.

"पानी शेतात जावं म्हनून."

"कंचं पानी?"

महादेवप्पानं वाकून आभाळाकडं पाहिलं. मी गाडी चरांवर घातली.

आडवा चर असता तर पुढची दोन्ही चाकं एकदम आत गेली असती, साहेबांची मान खाली आणि वर. तिरप्या चरात आधी डावं चाक गेलं, साहेब डावीकडं कलले. मग उजवं गेलं, साहेब उजवीकडं. पुन्हा डावं. पुन्हा उजवं. अजीजच्या हाताला यश एवढं की प्रत्येक धक्का वेगळा, स्वच्छ, मोजून घ्यावा असा. त्यात महादेवप्पानं पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, कारण पाठ केलेलं वाक्य त्याच्या तोंडात थांबत नसे.

"साहेब, आमच्या गावाला बोअर देता का?"

साहेबांची मान डावीकडं गेली. उजवीकडं गेली. डावीकडं. उजवीकडं. इतका ठाम नकार मी सरकारी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

बसवराजनं कानावरचं पेन काढलं. "मा. साहेबांनी स्पष्ट नकार दिला," तो बोलत बोलत लिहू लागला. वाईट त्यालाही वाटत होतं, पण मान ही मान आहे.

"बसवराज, थांब की जरा," मी म्हणालो.

"तू रस्ता बघ, शेषेराव. मी मान बघतो."

महादेवप्पाचा चेहरा विभूतीपेक्षा पांढरा पडला. "बुडालो," तो म्हणाला, "गावात तोंड दाखवू कसं? गाडी मागं फिरवा, डायव्हरसाहेब."

"मागं फिरवली तर मान सरळ व्हईल का?" गुरम्मा म्हणाली. तिनं बाहेर पाहिलं. अजून साठसत्तर चर होते. तिनं नवऱ्याला कोपरानं मागं रेटलं, स्वतः पुढं वाकली आणि साहेबांच्या कानाजवळ, खणखणीत आवाजात, बसवराजला ऐकू जाईल अशी बोलली.

"साहेब, येळणूरवाडीला बोअर पाडायला तुमची काई हरकत हाय का?"

डावीकडं. उजवीकडं. डावीकडं. उजवीकडं.

बसवराज वळून बसला. पेन हवेत.

"यंत्र उद्याच पाठवायला काई अडचन?"

डावीकडं. उजवीकडं.

"कुणाला अजून इचारावं लागतंय का?"

साहेब घोरत होते आणि नाही नाही नाही म्हणत होते. मग बसवराजनं पानावर नवी ओळ घेतली आणि लिहिलं, "बोअर पाडण्यास मा. साहेबांची हरकत नाही. यंत्र उद्या पाठविण्यास अडचण नाही. अन्य कोणास विचारण्याची आवश्यकता नाही."

"अन् वरचं?" मी म्हणालो. "वर नकार लिवलाय की तू."

"नंतरचा आदेश आधीच्याला खातो," बसवराज म्हणाला. आणि पेनला टोपण लावता लावता हळूच, "शिवाय मान्यता तत्त्वतः असती, तिच्यावर धूळ बसती. हरकत नाही म्हणजे नाही. आजवर एवढा पक्का कागद माझ्या हातून झाला नव्हता."

चावडीपुढं गाडी थांबली तेव्हा साहेब जागे झाले. मान चोळत खाली उतरले. बसवराजनं तिन्ही ओळी वाचून दाखवल्या. साहेबांनी गर्दीकडं पाहिलं, बायकांच्या डोक्यावरच्या रिकाम्या घागरींकडं पाहिलं आणि नेहमीप्रमाणं घसा खाकरला. "मी सांगितलंय तसं," ते म्हणाले. मग गाडीत बसता बसता मला विचारलं, "शॉकप बसवलेत ना रे नवीन? मग मान का दुखतेय?"

"रस्ता वाईट, साहेब."

"बघू," साहेब म्हणाले.

शुक्रवारी दुपारी यंत्राचा ट्रक फाट्यावर आला आणि पहिल्याच चरात अडकला. ट्रकवरच्या मद्रासी ऑपरेटरनं खाली उतरून सव्वाशे चर बघितले आणि हात वर केले. एवढं जड यंत्र यावरून गेलं तर आडवं होणार. रस्ता नीट करा, नाहीतर मी चाललो. शनिवारी संध्याकाळी त्याला दुसऱ्या तालुक्यात हजर व्हायचं होतं, त्याच्याकडंही कागद होता.

गुरम्मानं महादेवप्पाकडं पाहिलं. महादेवप्पानं पाटी उचलली. एक दिवस राबून उकरलेला रस्ता आख्ख्या गावानं चार तासांत बुजवला. म्हातारे, बायका, चावडीवरचे जुगारी, सगळे. एरवी रोजगार हमीवर त्याला महिना लागला असता. ट्रक संध्याकाळी गावात शिरला.

शनिवारी सकाळी भोक पडायला लागलं. पन्नास फूट, पांढरी धूळ. शंभर फूट, धूळ. दीडशे, काळा दगड आणि धूळ. दोनशे फुटांवर ऑपरेटरनं यंत्र बंद केलं. दोनशेच्या खाली जायचा नियम नाही. लोक एकेक करून घरी जायला निघाले. महादेवप्पा धुळीत बसला आणि लिंगाला हात लावून त्यानं डोळे मिटले.

गुरम्मानं साहेबांच्या हुकमाचा कागद आणवला. ऑपरेटरला मराठी वाचता येत नव्हतं आणि गुरम्माला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे वाद बरोबरीचा झाला. मध्ये बसवराज उभा. त्याला साहेबांनी देखरेखीला पाठवलं होतं, म्हणजे साहेब स्वतः आले नव्हते.

"वाच," ती म्हणाली. "किती फुटांपवेतर साहेबाची हरकत न्हाई, ते लिवलंय का?"

बसवराजनं कागद उलटा-सुलटा केला. "फुटांचं काही नाही."

"मंग दोनशेला हरकत न्हाई तशी तीनशेला बी न्हाई. चालू करा म्हनावं."

ऑपरेटरनं बसवराजकडं पाहिलं. बसवराजनं कागदाकडं पाहिलं. त्याच्या आयुष्यातला तो पहिला निर्णय, आणि घाम मात्र असा सुटला की पाणी तिथंच लागलं असं वाटावं. शेवटी तो म्हणाला, "चालू करा. कागदात अडवणारं काही नाही."

दोनशेवीस, धूळ. दोनशेचाळीस, धूळ. दोनशेसाठला धूळ काळवंडली, मग चिखल उडाला, महादेवप्पाच्या पांढऱ्या धोतरावर, विभूतीवर, मिटलेल्या डोळ्यांवर. आणि मग पाणी असं उसळलं की चावडीवरचा कावळा ओला होऊन खाली पडला, हे मी पाहिलं नाही, पण पाहिलेली माणसं भेटली आहेत.

गुरम्मानं ओंजळ भरली आणि आधी नवऱ्याला प्यायला लावली. तो प्याला आणि उभा राहिला.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"खारट."

"मरत न्हाई न्हवं?"

"न्हाई."

मग तिनं घागर खाली लावली. पाणी अजून आहे. हातपंपाचा दांडा चारदा बदलला, पण पाणी आहे. जड पाणी, त्यात डाळ काही केल्या शिजत नाही. येळणूरवाडीचे लोक त्यामुळे गेली चाळीस वर्षं पिठलंच खातात, आणि सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्याला सांगतात की आमच्याकडं पिठल्याची आवड आहे.